बारा वर्षांची डिझेल, घेऊ का?

“दहा-बारा वर्षांची डिझेल गाडी आहे, स्वस्तात मिळतेय, ॲव्हरेजही चांगलं देते. घेऊ का?” हे मला कुणी ना कुणी सारखं विचारत असतं. आणि पाठोपाठ ठरलेलं वाक्य येतं, “डिझेलचं इंजिन काय, मरत नाही.”

या वाक्याने बऱ्याच जणांना खर्चात पाडलंय. ते खरं होतं साध्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनांबाबत. 1997 साली अल्फा रोमिओ 156 मधून कॉमन रेल पद्धत (पंप एका सामाईक नळीत, म्हणजे रेलमध्ये, दाबाने डिझेल भरून ठेवतो आणि तिथून ते सगळ्या इंजेक्टरांना जातं) प्रवासी गाड्यांत आली आणि पुढे बहुतेक सगळ्यांनीच ती उचलली. गाडीच्या टायरात दोन-अडीच बार हवा असते; या इंजिनांच्या रेलमध्ये डिझेलचा दाब 1600 बार आणि त्याहूनही वर जातो. एवढ्या दाबाने ते इंजेक्टरच्या बारीक भोकांतून उडतं. जरा कचरा, जरा पाणी गेलं की इंजेक्टर बिघडतो, पंपही खराब होतो. क्रँक, ब्लॉक आजही दणकट असतात. बिल येतं ते त्यांच्या भोवतालच्या वस्तूंचं: इंजेक्टर, हाय प्रेशर पंप, टर्बो, क्लचमागचं फ्लायव्हील. गाडीची किंमत वर्षागणिक उतरते, या पार्टांची उतरत नाही. म्हणून जुन्या डिझेल गाडीत एकच काम निघालं तरी ते गाडीच्या किमतीचा मोठा लचका तोडतं.

मी हे शिकलो ते फ्लायव्हीलवरून. माझी पहिली जुनी डिझेल गाडी बघायला गेलो तेव्हा इंजिन आधीच गरम होतं. चक्कर मारली, गाडी मस्त पळाली. बंद करताना मात्र क्षणभर खडखड झाली. जुनी गाडी आहे, चालायचंच, असं मीच मनाला सांगितलं. चार महिन्यांत क्लच घसरायला लागला. मेकॅनिकने गिअरबॉक्स उतरवून फ्लायव्हील माझ्यासमोर धरलं. ते दोन भागांचं असतं, मध्ये स्प्रिंगा. डिझेलचे धक्के त्या स्प्रिंगा पितात. त्याने दोन्ही हातांनी भाग उलटसुलट फिरवले तर ते सैल, कटकट हलत होते. तीच खडखड. क्लच, बेअरिंग, फ्लायव्हील आणि मजुरी मिळून गाडीच्या किमतीचा सहावा हिस्सा गेला. तो आवाज मी सौद्याच्या दिवशी कानांनी ऐकला होता, याचंच मला जास्त लागलं.

तेव्हापासून मी आधी बॉनेटवर हात ठेवतो. गरम असेल तर “उद्या सकाळी येतो, तोवर चालू करू नका” म्हणून परत फिरतो. थंड इंजिन बरंच काही बोलतं. सेल्फ खूप वेळ मारावा लागला तर ग्लो प्लग (थंड इंजिन चालू होताना आतली हवा तापवणारा), इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाणं) यांपैकी काहीतरी कमी पडतंय. निळा धूर सुटतच राहिला तर ऑइल जळतंय. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर दिसला तर खालचा वॉशर गळतोय. डिपस्टिकवर ऑइल काळं दिसतं म्हणून घाबरू नका, डिझेलचं ऑइल बदलल्यावर लगेच काळं होतं. पण पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल तर विचारा का. ऑइलमध्ये डिझेल उतरत असू शकतं.

माझा सगळ्यात जास्त भर मात्र लीक-ऑफ टेस्टवर, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरमधून किती डिझेल परत जातंय ते बघण्यावर. प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला एकेक छोटी बाटली लावायची, इंजिन चालू ठेवायचं आणि बघत उभं राहायचं. चारही बाटल्या सारख्या भरल्या तर बरं. एक भराभर वर चढली तर तो इंजेक्टर आतून झिजलाय, आणि नवा इंजेक्टर या टेस्टच्या कितीतरी पट महाग.

मग हिशेब. लगेच करायची कामं पूर्ण किमतीने धरा. दोन वर्षांत येणारी, म्हणजे क्लच, टायमिंग बेल्ट, तीही धरा, जोवर ती झाल्याचं बिल दाखवलं जात नाही तोवर. टर्बोसाठी थोडे पैसे बाजूला ठेवा. ही बेरीज किमतीत मिळवा आणि मगच स्वस्त की महाग ते बोला.

रोजचं जाणं-येणं चार-पाच किलोमीटरचंच असेल आणि गाडीला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल, तर माझं उत्तर सरळ ‘नको’ असतं. त्या फिल्टरमधली काजळी जळायला साधारण 600 अंश तापमान लागतं. रोजच्या छोट्या फेऱ्यांत ते काम पुरं होत नाही, फिल्टर तुंबत जातो. अशांनी पेट्रोल घ्यावी.

माझ्या मावसभावाने दोन गाड्या बघून ठेवल्या होत्या. पहिली स्वस्त, पण मालक लीक-ऑफ करू देईना. दुसरी तिच्यापेक्षा बरीच चढी. “दादा, ही महाग पडतेय,” तो म्हणत होता. तिची बिलं मात्र फाइलमध्ये तारखेवार लावलेली होती: क्लच, फ्लायव्हील, दोन इंजेक्टर. आम्ही बेरीज मांडली आणि त्याने दुसरी घेतली. टायमिंग बेल्ट मात्र पहिल्याच आठवड्यात बदलायला लावला, कारण त्याचं बिल त्या फाइलमध्ये नव्हतं.