तुम्ही विचारलंत म्हणून: टाकी गळतेय, मासे कुठे ठेवू?

घरात माशांची टाकी आहे हे एकदा सगळ्यांना कळलं की ओळखीचे लोक दोन कारणांसाठी फोन करतात. मासा मेला म्हणून, नाहीतर टाकी गळायला लागली म्हणून. पहिल्या फोनवर फारसं काही करता येत नाही, व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. दुसऱ्यावर मात्र करता येतं, आणि तिथे प्रश्न दर वेळी तोच असतो: 'मासे वाचतील ना? कुठे ठेवू त्यांना?'

वाचतील. थेंबथेंब गळणाऱ्या टाकीने मासे मरत नाहीत, पाणी उतरायला तिला भरपूर वेळ लागतो. मासे मरतात ते नंतर, बादलीत, तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आपण 'सुटलो एकदाचे' म्हणून निवांत झालेले असताना. त्यामुळे कुठे ठेवू यापेक्षा कशासकट ठेवू हा प्रश्न मोठा आहे. त्याकडे येतेच.

आधी विजेची बटणं बंद. हीटर तर सगळ्यात आधी, कारण पाणी त्याच्या खाली उतरलं की तापलेली काच तडकते. बंद केल्यावरही त्याला पंधरा-वीस मिनिटं पाण्यातच निवू द्यायचं. बोर्डापर्यंत ओल गेली असेल तर बोर्डाला हातच लावू नका, मेन स्विच बंद करा.

मग गळती खरी आहे का ते बघा. निम्म्या वेळा ती नसतेच. फिल्टरच्या नळीचा सांधा सैल झालेला असतो, बुडबुड्यांचं पाणी काठावरून उडत असतं, किंवा पंप टाकीच्या खाली ठेवलेला असतो आणि वीज गेली की हवेच्या नळीतून पाणी उलटं खाली येतं. टाकी बाहेरून कोरडी पुसा, खालच्या कडेला वर्तमानपत्राच्या पट्ट्या लावा आणि पाण्याच्या पातळीवर पेनने खूण करा. पट्ट्या कोरड्या राहून नुसती पातळी उतरली तर पाणी वाफ होऊन जातंय, टाकीचा त्यात काही दोष नाही.

खरी गळती लपत नाही. खालच्या कोपऱ्यात एक थेंब जमतो, फुगतो, कडेने घरंगळतो आणि त्याच जागी दुसरा जमायला लागतो. बोटाने पुसला की क्षणभर कोरडं, मग पुन्हा तेच. मात्र थेंब पडतो तिथेच भोक असेल असं नाही, पाणी कडेकडेने बरंच लांब जातं. टाकी थोडी थोडी रिकामी करत गेलात आणि एका पातळीला गळणं थांबलं, तर भोक त्याच उंचीवर आहे. ते वर असेल तर तुमचं नशीब. पाणी त्याखाली ठेवा आणि मासे तिथेच राहू द्या. तळाशी असेल तर टाकी रिकामी करावीच लागते. 'उचलून बाथरूममध्ये नेतो' म्हणणाऱ्यांना मी फोनवरच अडवते. ६० बाय ३० बाय ३० सेंटीमीटरच्या टाकीत ५४ लिटर पाणी मावतं, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन ५४ किलो. अर्धी भरलेली असली तरी उचलताना काच पिळवटते आणि जरासा सुटलेला जोड पुरता उघडतो.

आता मूळ मुद्दा. गळती लागली की लोक जुनं पाणी तीर्थासारखं जपतात. घरातली प्रत्येक बादली, प्रत्येक पातेलं भरून ठेवतात, आणि फिल्टर मात्र उचलून नळाखाली स्वच्छ धुऊन वाळत घालतात. नेमकं उलटं. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकत असतो आणि तो विषारी असतो. टाकीतले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही विषारीच, म्हणून दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, जे बरंच सौम्य असतं. हे जिवाणू पाण्यात जवळजवळ नसतात. ते चिकटून राहतात फिल्टरच्या स्पंजला, खडीला, काचेला. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं, वाळवलं तरी मरतात, आणि बंद फिल्टरच्या डब्यात काही तास कोंडले तर प्राणवायूविना गुदमरतात. शून्यातून ही फौज पुन्हा उभी करायला चार ते सहा आठवडे लागतात. बादलीतल्या माशांकडे तेवढा वेळ नसतो.

म्हणून मासे जिथे जातील तिथे स्पंज जायलाच हवा, न धुतलेला आणि चालू. आतला फिल्टर असेल तर तो तसाच टबात लावा. बाहेरचा असेल तर त्यातला स्पंज आणि चिनीमातीच्या नळकांड्या जाळीच्या पिशवीत घालून हवेच्या दगडाशेजारी, म्हणजे पंपाच्या नळीच्या टोकाला बुडबुडे सोडणाऱ्या दगडाशेजारी सोडा. जुनं पाणी निम्मं-अर्धं घ्या, पण ते माशांना तापमान आणि पाण्याचा गुण सारखा मिळावा म्हणून.

भांडं उंच नको, पसरट हवं, कारण पाणी हवेतून प्राणवायू घेतं ते पृष्ठभागावरून. कपडे ठेवायचा प्लास्टिकचा मोठा डबा चालतो, पण पूर्ण भरू नका, त्याच्या भिंती फुगतात. साबणाचा हात लागलेली बादली नकोच. वर झाकण किंवा जाळी हवी, नव्या जागी मासे उड्या मारतात. फायटर (बेट्टा) माशाचा नर वेगळ्या बरणीत ठेवा. तो वर येऊन हवा घेतो, म्हणून पाणी आणि झाकण यांच्यात मोकळी जागा सोडा. गोल्डफिश घाण फार करतात, त्यांना सगळ्यात मोठं भांडं द्या.

पकडताना आधी झाडं आणि दगड काढा, पाणी वीतभर राहू द्या, मग जाळी घाला. एका जाळीने हाकायचं, दुसरीत घ्यायचं. कोरिडोरास आणि प्लेको हे तळाशी राहणारे मासे जाळीत घेऊ नका. त्यांच्या परांचे काटे अडकतात आणि ओढलं तर मासा फाटतो. त्यांना मगात घ्या. अडकलाच एखादा तर जाळी कापा.

पहिले एक-दोन दिवस खाणं बंद. धडधाकट मोठा मासा तेवढा उपाशी सहज राहतो, आणि न खाल्लेला दाणा बादलीत फार लवकर सडतो. रोज पाव पाणी बदला, तेवढ्याच तापमानाचं आणि क्लोरीन काढलेलं. पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातं, क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) जात नाही, त्यासाठी क्लोरीन काढणाऱ्या औषधाचे थेंबच लागतात. अमोनिया तपासायचा संच असेल तर रोज बघा. शून्याच्या वर दिसला की पुन्हा पाणी बदला, घड्याळ बघू नका.

दुरुस्तीबद्दल थोडक्यात. बाहेरून पुट्टी लिंपण्यात काही अर्थ नाही, पाणी तिला आतून ढकलून देतं. नवं सिलिकॉन जुन्यावर नीट धरत नाही, म्हणून आतल्या कडांचं सगळं जुनं सिलिकॉन ब्लेडने खरवडायचं, मात्र दोन काचांच्या मधलं सोडायचं. स्पिरिटने पुसायचं आणि मग नवं भरायचं. मत्स्यालयाचंच सिलिकॉन घ्या. बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक घातलेलं असतं. भरताना व्हिनेगरसारखा वास येतो, तो पूर्ण जायला हवा. थर जाड असेल तर आठवडा धरा. मग जिथे गळलं तरी चालेल अशा जागी टाकी काठोकाठ भरून दोन दिवस ठेवा. तळाची काचच तडकली असेल तर या भानगडीत पडू नका, माझा सल्ला सरळ नवी टाकी घ्या असा आहे. आणि जुनी असो की नवी, स्टँड सपाट आहे का ते पाण्याच्या पातळीने तपासून घ्या. वाकडा असेल तर पुढचा जोडही तसाच सुटणार.

टाकीत आधी खडी, मग पाणी, मग फिल्टर, आणि सगळ्यात शेवटी मासे. टबातल्या पाण्यात नव्या टाकीचं पाणी पेलापेलाने मिसळत जा आणि मग सोडा. नवी टाकी घेतली की पाठोपाठ ठरलेला प्रश्न येतो: 'पण नवी टाकी महिनाभर रिकामी चालवायची असते ना?' ते पहिल्यांदाच मासे पाळणाऱ्यांसाठी. तुमच्या टबातला स्पंज चालू असेल, तर मासे त्याच दिवशी सोडा. आठवडाभर खाणं निम्मं ठेवा, पाणी तपासत राहा, एवढंच.