तुम्ही विचारलंत म्हणून: लघुग्रह उशीसारखा का दिसतो?

‘आमचा लघुग्रह फुगलेल्या उशीसारखा दिसतो, काय चुकतंय?’ पिक्सेल आर्ट, म्हणजे एकेक चौकोनी ठिपका भरून काढायचं चित्र, नव्याने शिकणारे मला हे हमखास विचारतात. फाइल उघडली की बहुतेकदा एकच गोष्ट दिसते: मधोमध उजळ, कडेकडेने गडद. म्हणजे ऊन कुठून येतंय हे ठरलेलंच नाही.

पृथ्वीवर सावलीतली वस्तूही दिसते, कारण आकाशाचा उजेड तिच्यावर पडत असतो. अवकाशात हवा नाही, सूर्य एकच. म्हणून मी आधी उन्हाची बाजू ठरवते आणि उरलेला भाग जवळजवळ काळा भरून टाकते. निम्मा दगड अंधारात गेला तरी जाऊ द्या.

उजळ भागात रंग कडेपर्यंत हळूहळू उतरवू नका. पौर्णिमेचा चंद्र आठवा. गोल असूनही तो ताटलीसारखा सपाट दिसतो, कडेलाही जवळपास तितकाच उजळ. तिथली खडबडीत, भुकटीची जमीन ऊन आलं त्याच दिशेला बरंचसं परत फेकते. गुळगुळीत उतार दिला की दगडाचं प्लास्टिक होतं.

माझा सगळा जीव असतो तो ऊन-सावलीच्या सीमेवर. तिथे ऊन तिरकं पडतं, एवढ्याशा उंचवट्याचीही सावली लांबते. ३२ बाय ३२ पिक्सेलच्या स्प्राइटमध्ये, म्हणजे गेममधल्या एका वस्तूच्या छोट्या चित्रात, निम्म्याहून जास्त तपशील मी या पट्ट्यातच ठेवते. सीमा तुटक, वाकडीतिकडी. पलीकडच्या काळ्यात सुटे एक-दोन उजळ पिक्सेल, म्हणजे उन्हात डोकावणारी टोकं. बेन्नू हा जेमतेम अर्धा किलोमीटरचा लघुग्रह. ओसायरिस-रेक्स यानाने २०१८पासून काढलेले त्याचे फोटो बघा, सगळीकडे धोंडेच धोंडे. त्याची कडसुद्धा खडबडीत आहे. तुमची आउटलाइन इतकी गुळगुळीत का?

विवर मात्र नीट समजून घ्या. ऊन डावीकडून वरून येत असेल, तर विवराची सूर्याकडची, म्हणजे डावी-वरची आतली भिंत सावलीत असते आणि समोरची उजळते. पाच पिक्सेलच्या विवराला तीन गडद, दोन उजळ पुरतात. बाजू उलटी झाली की खड्ड्याचं टेंगूळ होतं.

म्हणूनच तयार स्प्राइट गेममध्ये नुसता फिरवू नका. दगडाबरोबर सूर्यही फिरल्यासारखं दिसतं. मी आठ फ्रेम काढते आणि प्रत्येकीत सावल्या नव्याने टाकते. वेळ लागतो, पण दगड खरंच फिरतो.