शुक्राचा अस्त, गच्चीवरून पाहिलेला

ग्वाल्हेरला लश्करमधल्या एका कॉलेजात मी फिजिक्सच्या लॅबमध्ये सहायक होतो. 8 जून 2004, सुट्टीचे दिवस. सरांनी दुर्बीण गच्चीवर न्यायला सांगितली होती. सूर्यावरून शुक्र जाणार होता, आणि असं अधिक्रमण 1882 नंतर कुणी पाहिलेलं नव्हतं.

सकाळपासून माझं लक्ष आभाळाकडेच. ल जांतील नावाचा फ्रेंच माणूस 1761 च्या अधिक्रमणासाठी पाँडिचेरीला निघाला, तर ते इंग्रजांनी घेतलेलं. बिचाऱ्याला हलत्या जहाजावरून बघावं लागलं, मोजमाप वाया गेलं. पुढच्यासाठी तो आठ वर्षं इकडेच थांबला आणि 1769 च्या त्या सकाळी नेमके ढग आले! हे वाचल्यापासून मला त्याची फार कणव वाटते. आमच्याकडे ढग नव्हते, नुसती लू, म्हणजे उन्हाळ्यातला गरम वारा, आणि धुळीनं पांढुरकं झालेलं आभाळ.

पावणेअकराच्या सुमारास दुर्बिणीतून कागदावर पाडलेल्या सूर्याच्या कडेला बारीक खाच दिसली. वीसेक मिनिटांत पूर्ण ठिपका आत आला. वीतभरापेक्षा लहान सूर्य आणि त्यावर मसुराएवढा शुक्र, काळाकुळकुळीत. कडेपासून सुटताना तो क्षणभर पाकाच्या तारेसारखा चिकटून राहिला. खगोलशास्त्रज्ञ हॅलीच्या पद्धतीनं सूर्याचं अंतर काढायला हाच क्षण अचूक टिपावा लागायचा, आणि जुन्या निरीक्षकांची वेळ इथंच चुकायची.

बाराच्या आत आयपीसमधून, म्हणजे दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या भिंगांतून, धूसर दिसू लागलं. काढून पाहतो तर दोन भिंगं जोडणारा चिकट थर उन्हानं उकळून त्यात बुडबुडे आलेले. सूर्य कागदावर पाडायचा तर बिनचिकटवलेल्या भिंगांचाच आयपीस लावायला हवा होता, ती चूक माझी. कपाटातला जुना पितळी आयपीस आणून लावला, तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.

दुपारी शेजारच्या वाड्यातल्या आजी कैरीचं पन्हं घेऊन वर आल्या. नातीचं लग्न शुक्राचा अस्त म्हणून पुढं ढकललेलं. कागदाकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"अस्त आहे ना रे? मग हा कोण?"

"हाच शुक्र, आजी. अस्त म्हणजे सूर्याच्या इतका जवळ की उजेडात दिसत नाही. कधी सूर्याच्या पलीकडे असतो, आत्ता अलीकडे आहे."

"म्हणजे आपल्या आणि सूर्याच्या मधोमध?"

मी त्यांना सांगितलं, 1761 मध्येच रशियन शास्त्रज्ञ लोमोनोसोव्हनं याच ठिपक्याच्या कडेला उजेडाची रेघ पाहून तिथं हवा आहे हे ओळखलं. 1970 मध्ये रशियाचं व्हेनेरा 7 यान तिथं उतरलं आणि 23 मिनिटं संदेश पाठवून गप्प झालं, कारण जमिनीवर साडेचारशे अंशांच्या वर उष्णता. "अगबाई! आपली शुक्राची चांदणी एवढी तापते?" म्हणत त्यांनी पदरानं घाम टिपला.

पाचच्या आत खाच मिटली तेव्हा त्या पुन्हा गच्चीवर होत्या.

"आता परत कधी?"

"2012 ला. मग थेट 2117."

आजींनी बोटांवर हिशेब केला. "बाराला नातीचं पोर सहा-सात वर्षांचं असेल. त्याला दाखवशील ना?"