रंग मोबाईलवर, माप अंगावर

आज धाकट्या बहिणीबरोबर राम मारुती रोडला गेले होते. इन्स्टाग्रामवर आवडलेला मोरपंखी कुर्ता तिने आधीच एका ॲपवर स्वतःच्या फोटोला घालून बघितला होता. फोटो झकास! चुण्या, बाहीची सावली, सगळं जिथल्या तिथे. दुकानात तसाच कुर्ता मिळाला, पण हात वर केला की काखेत ओढायचा, आणि कापड इतकं कडक की घेर पडेचना.

ॲप आपला आणि कपड्याचा फोटो जुळवून नवं चित्र बनवतं. कापड किती जड, शिवणीत माया (आत सोडलेलं जास्तीचं कापड) किती, हे त्याला फोटोवरून कसं कळणार?

तरी मला हे तंत्र मनापासून आवडतं. गूगलने जून 2023 मध्ये अमेरिकेत ते आणलं, तेव्हा एक्सएक्सएसपासून फोर-एक्सएलपर्यंतच्या खऱ्या मॉडेल्सवर कपडे दाखवले. आपल्यासारख्या अंगावर कपडा कसा दिसतो हे भरल्या अंगाच्या बाईला घरबसल्या बघता येणं, ही फार मोठी सोय आहे. रंग, गळा, लांबी मोबाईलवर खुशाल ठरवा. मापाला टेपच लावा.

आणि मुलींनो, फोटो टाकण्याआधी ॲप तो ठेवून घेतं की पुसतं, एवढं वाचाच.