ईआरपी अडते ती स्टोअरमध्ये

ईआरपी, म्हणजे कारखान्याची खरेदी, साठा, उत्पादन एकत्र सांभाळणारी सिस्टीम, फसली की खापर सॉफ्टवेअरवर फुटतं. खरं दुखणं बहुतेकदा आयटम मास्टरमध्ये, म्हणजे प्रत्येक मालाचा कोड आणि एकक नोंदवलेल्या यादीत असतं.

20 मिमी व्यासाचा एमएसचा (माइल्ड स्टीलचा) गोल बार घ्या. खरेदी किलोवर, उत्पादन विभागाला (शॉपला) इश्यू मीटरवर. मिमीतल्या व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे मीटरला साधारण 2.47 किलो, 6 मीटरचा बार 14.8 किलोचा. हे गुणोत्तर मास्टरमध्ये भरलेलं नसेल, तर स्टोअरवाला 6 मीटर देतो आणि सिस्टीम 6 किलो वजा करते. दर बारमागे जवळपास 9 किलो माल फक्त स्क्रीनवर उरतो. एमआरपी, म्हणजे किती माल मागवायचा हे काढणारा ईआरपीचा भाग, तो खरा धरतं, खरेदीची मागणी निघतच नाही आणि मशीन मालावाचून उभं राहतं. मग सुपरवायझर पुन्हा एक्सेल उघडतो. तिथून सिस्टीमवरचा विश्वास गेलाच म्हणून समजा.

त्यात एकाच बारला तीन कोड: ‘एमएस बार 20’, ‘बार 20 एमएस’, ‘राउंड 20’. ही साफसफाई स्टोअर आणि डिझाइनवाल्यांनीच करायची. कन्सल्टंटला तो बार ओळखताही येत नाही.

ओपनिंग स्टॉक (सिस्टीममध्ये भरायचा सुरुवातीचा साठा) मोजताना आवक-जावक पूर्ण बंद ठेवा. जॉबवर्कला, म्हणजे दुसऱ्याकडून काम करून घ्यायला, बाहेर गेलेला माल हमखास राहतो, तोही मोजा.

आणि गो-लाइव्ह, म्हणजे सिस्टीम प्रत्यक्ष सुरू करणं, हंगामाच्या तोंडावर नकोच. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने 1999 च्या जुलैमध्ये, हॅलोवीनच्या ऑर्डरी येत असताना, सॅप या ईआरपीसह नव्या प्रणाली एकदम सुरू केल्या. चॉकलेट गोदामात होतं, दुकानांत वेळेवर पोचलं नाही.