निसर्ग वादळ, पंचनामा आणि सातबारावरची अकरा नावं

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा मी रायगडातल्या घरीच होतो, लॉकडाऊनमुळे अडकलो म्हणून, नाहीतर पुण्यात असतो. आदल्या दिवशी रिक्षा भोंगा लावून फिरून गेली, कच्च्या घरातल्यांनी शाळेत जा, होड्या वर ओढून ठेवा, घराबाहेर पडू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर तर इतके मेसेज की हवामान खात्याचा खरा कुठला आणि कुणीतरी जुना उकरून पाठवलेला कुठला तेच कळेना. मी जिल्ह्याच्या कंट्रोल रूमचा १०७७ आणि राज्याचा १०७० फोनमध्ये सेव्ह केला आणि निवांत झालो. दुपारी वारा सुटला आणि नेटवर्कच गेलं, आता लाव म्हणावं १०७७.

संध्याकाळी बाहेर आलो तर अर्ध्या घरावरची कौलं नाहीत, आणि वाडीत उजेड! पोफळींच्या (सुपारीच्या झाडांच्या) वाडीत ऊन येत नाही हो कधी. १४० पोफळी आणि ९ माड गेले, हे नंतर मोजल्यावर कळलं. दुसऱ्या दिवशी बाबा कोयता घेऊन साफ करायला निघालेच होते, शेजारचे काका ओरडले, "अरे थांब, पंचनामा व्हायचाय, हात नको लावू." पण वर पाऊस तोंडावर, घर उघडं, किती दिवस थांबणार? मग गाडीवर फोन चार्ज करून सगळ्याचे फोटो काढले, प्रत्येक फोटोत बाबा उभे (चेहरा असा की जणू त्यांनीच तोडलीत), आणि मगच ताडपत्री टाकली. हे फोटो पुढे फार कामाला आले कारण तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक आले तोवर आम्ही अंगण मोकळं केलं होतं. त्यांनाही दोष नाही देणार, एका माणसाकडे कितीतरी गावं.

घराचं सोपं गेलं. घरपट्टी बाबांच्या नावावर, आधार आणि पासबुकची झेरॉक्स दिली, झालं. घोळ वाडीचा. सातबारा सामाईक, वर अकरा नावं, त्यातले आजोबा वारून नऊ वर्षं झाली आणि वारस नोंद कुणी केलीच नाही, करू करू म्हणत राहिलं. भरपाईचे पैसे एकाच्या खात्यात हवे तर बाकीच्यांचं संमतीपत्र लागणार. एक काका डोंबिवलीला, आत्या नालासोपाऱ्याला, एक चुलतभाऊ बडोद्याला, आणि लॉकडाऊनमध्ये ई-पासशिवाय (प्रवासाच्या परवानगीशिवाय) कुणी हलू शकत नव्हतं. शेवटी मी मजकूर लिहून पाठवला, ज्याने त्याने सही करून आधारसकट फोटो पाठवायचा, आणि ते प्रिंट काढायला मी लाईट असलेलं दुकान शोधत तालुक्याला दोन चकरा मारल्या, आमच्याकडे तर लाईट नव्हतीच. डोंबिवलीचे काका आठ दिवस सहीच करेनात, "कशावर सही घेताय ते आधी नीट सांगा". वारस नोंदीचा अर्ज दिला तर त्यात हरकतींसाठी १५ दिवसांची नोटीस असते, म्हणजे तेवढे दिवस गेलेच.

एवढं करून मिळणार किती? बागायतीचा दर सरकारने हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार केला, ऐकायला मोठा वाटतो, पण हेक्टर म्हणजे साधारण शंभर गुंठे, आणि आमची वाडी १२ गुंठे. म्हणजे ६ हजार. नवीन पोफळ लावली तर सुपारी हातात यायला सहा-सात वर्षं, आणि पडलेली झाडं कापून उचलायची मजुरीच त्याहून जास्त झाली. कोकणात वाड्या गुंठ्यात असतात, दर हेक्टरात, याचा हिशोब कुणीतरी आधी करायला हवा होता.

घराचे पैसे आधी आले, वाडीचे दिवाळीनंतर. मेसेज आला त्याच संध्याकाळी डोंबिवलीहून फोन, "काय रे, किती आले?"