गजाच्या टोकावरचा पांढरा तुकडा

फोन आला तेव्हा सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. ज्या ज्येष्ठ व्हायोलिनवादक गुरुजींना आम्ही बोलावलं होतं, त्यांना कस्टम्सने थांबवलं होतं. दुपारी तीन वाजता संगीत महाविद्यालयात त्यांची कार्यशाळा होती आणि चौदा विद्यार्थी महिनाभर तिची तयारी करत होते.

मी दूतावासाच्या सांस्कृतिक आणि शिक्षण विभागात अकरा वर्षं आहे. आमचं काम म्हणजे उद्घाटनं आणि भाषणं, असं बाहेरून वाटतं. खरं काम कागदांचं. शिष्यवृत्तीच्या विद्यार्थ्याच्या पदवीला अपोस्टिल (परदेशात चालणारं सरकारी प्रमाणीकरण) चालतं की आमचा शिक्का लागतो ते बघायचं, विद्यापीठाच्या आणि व्हिसाच्या तारखा जुळवायच्या, चित्रं आणि वाद्यं सीमा ओलांडणार असतील तर त्यांचे परवाने आधीच तयार ठेवायचे. हे कागद नीट असले की कार्यक्रम होतो आणि कागदांची आठवणही कुणाला येत नाही.

मी विमानतळावर पोहोचले तेव्हा व्हायोलिनची पेटी टेबलावर उघडी होती. आत व्हायोलिन वाजवायचे दोन गज (बो) होते. प्रमाणपत्रावर एकाचीच नोंद होती.

ही नोंद एवढी महत्त्वाची का, ते सांगायला हवं. जुन्या गजांच्या टोकाला पुष्कळदा हस्तिदंताची छोटी पट्टी असते, मुठीला कधी कासवाचं कवच लावलेलं असतं, आणि काठी पर्नाम्बुको या ब्राझिलियन लाकडाची असते. दुर्मिळ प्राणी आणि वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या साइट्स करारानुसार हस्तिदंत आणि कासवाच्या कवचाच्या ने-आणीवर निर्बंध आहेत, आणि पर्नाम्बुकोच्या व्यापारावरही. वादकांना दर प्रवासाला नवा परवाना काढावा लागू नये म्हणून 2013 साली बँकॉकच्या परिषदेत वाद्यांसाठी खास प्रमाणपत्राची सोय झाली. ते जास्तीत जास्त तीन वर्षं चालतं. पण चालतं ते फक्त त्यात लिहिलेल्या वस्तूसाठी.

दुसरा गज गुरुजींच्या स्वतःच्या गुरूंचा होता. निघायच्या आदल्या रात्री त्यांनी तो पेटीत ठेवला होता. हा गज किती हलका आहे ते मुलांनी स्वतः हातात धरून बघावं, एवढीच त्यांची इच्छा होती. टोकावरचा पांढरा तुकडा कशाचा आहे, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता.

कस्टम्सच्या अधिकारी बाईंनी मला भिंग दिलं. हस्तिदंतात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा दिसतात आणि हाडात सूक्ष्म छिद्रं, असं त्यांनी समजावलं. मात्र नखाएवढ्या झिजलेल्या तुकड्यावर नुसत्या नजरेने ते ठरवता येत नाही, हेही सांगितलं. त्या अतिशय नीट वागल्या. त्यांच्या जागी मी असते तरी हेच केलं असतं.

"दूतावासाचं सामान म्हणून हा सोडवता येणार नाही का?" गुरुजींनी हळूच विचारलं. त्यांचा चेहरा बघून उत्तर देणं जड गेलं. राजनैतिक संबंधांविषयीच्या 1961 च्या व्हिएन्ना करारात सांस्कृतिक संबंध वाढवणं हे दूतावासाचं कामच म्हटलं आहे. पण त्याच कराराप्रमाणे राजनैतिक टपालातून फक्त कागदपत्रं आणि कार्यालयीन वापराच्या वस्तू जातात, आणि यजमान देशाचे कायदे पाळायचं बंधन आमच्यावरही असतं. आमच्या पत्रावर विश्वास ठेवून उद्या एखाद्या प्रदर्शनाच्या पेट्या लवकर सोडल्या जातात. तो विश्वास एका गजासाठी खर्च करायचा नसतो. मी नाही म्हणाले.

त्यात चूक माझीही होती. आमच्या अर्जात आम्ही 'वाद्याचा तपशील' मागत होतो. पेटीत आणखी काय काय आहे, ते विचारत नव्हतो.

पावणेअकराला व्हायोलिन आणि नोंद असलेला गज मिळाला. दुसरा तपासणीसाठी राहिला. पावतीवर सही करताना गुरुजींनी त्याची लांबी आणि ओळखीच्या खुणा स्वतः लिहून दिल्या.

तीन वाजता कार्यशाळा वेळेवर सुरू झाली. त्यांनी वादनाने सुरुवात केली नाही. सगळ्यांना आपापले गज काढायला लावले आणि विचारलं, "टोकाला काय आहे, सांगता येईल?" बहुतेकांचं प्लास्टिक होतं. मागच्या रांगेतल्या एका मुलीचा गज जुना होता आणि तिला काहीच सांगता येईना. पुढच्याच महिन्यात ती आमच्या शिष्यवृत्तीवर त्यांच्याकडे शिकायला जाणार होती. तिची फाइल माझ्या टेबलावर पूर्ण, तपासलेली, सही झालेली पडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला मी पेटीसकट बोलावून घेतलं. मोजपट्टी शेजारी ठेवून गजाचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि तिला जाणकार कारागिराकडे पाठवलं. त्याच दुपारी अर्जातला रकाना बदलला: पेटीतली प्रत्येक वस्तू, कशाची बनलेली, अंदाजे कधीची, फोटोसह.

गुरुजींच्या गजाचा निकाल महिन्याभराने आला. हस्तिदंतच होता, आणि गज परत मिळणार नव्हता. हे मेलने कळवायला मन होईना, म्हणून फोन केला. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्यांनी विचारलं, "त्या मुलीचा?"

"हाडाचा निघाला. कारागिराचं पत्र तिच्याजवळ आहे," मी सांगितलं. "गुरुवारी पोहोचतेय तुमच्याकडे."